रोपांचा दिवा आणि त्याचे आकडे

घरात ऊन येत नाही, पण कुंडीत मेथी-कोथिंबीर तर हवी, अशा हौशी मंडळींसाठी बाजारात रोपांचे एलईडी दिवे मिळतात. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१००० वॅट’ छापलेले असते. खोके उलटून बारीक मजकूर वाचावा, तर प्रत्यक्ष खर्च होणारी वीज पुष्कळदा १०० वॅटच्या आसपास निघते! मग उरलेले ९०० गेले कुठे? ते कधी नव्हतेच. विक्रेता म्हणतो, हा दिवा जुन्या हजार वॅटच्या सोडियम दिव्याच्या ‘बरोबरीचा’ आहे. कधी ती आतल्या सगळ्या चिप्सच्या कमाल ताकदीची बेरीज असते. पण तेवढ्या जोराने त्या कोणी चालवीत नाही.

निवृत्तीच्या पैशातून असा दिवा घेतलेले एक गृहस्थ मला ठाऊक आहेत. मेथी लांब, लुळी वाढली, तर बिचारे आपल्याच हाताला गुण नाही म्हणत होते.

दुसरा आकडा ल्युमेनचा. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे, बरं का. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो. पानाचा हिशेब निराळा. त्याला ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले प्रकाशकण हवेत, आणि ते मोजायचे मायक्रोमोलमध्ये. तेव्हा दुकानदाराला एकच विचारावे : एका ज्यूल विजेत हा दिवा किती मायक्रोमोल देतो? चांगले दिवे अडीच ते तीन देतात. साधी पांढरी एलईडी नळीसुद्धा दीडच्या जवळपास जाते.

आता थोडे गणित करू. खरोखर १०० वॅट घेणारा, अडीचचा दिवा सेकंदाला २५० मायक्रोमोल देईल. ते सगळे एक चौरस मीटरवर पडले आणि दिवा १४ तास जळला, तर दिवसाचे साडेबारा मोल झाले. सॅलडच्या पानांना साधारण १२ ते १७ मोल लागतात, म्हणजे जेमतेम भागले. टोमॅटोला वीस-पंचवीस तरी हवेत. त्याचे नाव या दिव्याखाली काढू नये. वीज मात्र महिन्याला ४२ युनिटे जळणार. शिवाय जाहिरातीतला आकडा बहुधा दिव्याच्या बरोबर खाली, मधोमध मोजलेला असतो. कडेच्या कुंडीला त्याहून बरेच कमी मिळते.

राहिला तो जांभळा उजेड. ‘हिरवा प्रकाश झाडाला नकोच असतो’ हा समज जुना. कीथ मॅक्री यांनी अमेरिकेत २२ पिकांवर केलेली मोजमापे १९७२ साली प्रसिद्ध झाली. तांबड्याइतका नसला, तरी हिरवा प्रकाशही पानाला चांगला उपयोगी पडतो, हे त्यांत दिसले. साधा पांढरा दिवा खुशाल घ्यावा. जांभळ्यात पान पिवळे पडले की कीड लागली, हेही धड कळत नाही.

आणि हो, दिवा घेण्यापूर्वी गॅलरीचा कठडा दोन दिवस पाहावा. भर दुपारचे ऊन दोन हजार मायक्रोमोलपर्यंत जाते. तिथे दोन तास जरी कडक ऊन पडत असेल, तरी दहा-बारा मोल होतात, आणि तेही फुकट. उणे पडेल तेवढ्यापुरती संध्याकाळी नळी लावावी.