दानपत्र : अर्थ आणि उपयोग



पंचकल्याणकात किंवा चातुर्मासात व्यासपीठावरून जमीन दान दिल्याचे जाहीर होते, दात्याला श्रीफळ दिले जाते आणि सभा संपते. पुण्य त्या क्षणी लागत असेल. मालकी मात्र तसूभरही हलत नाही. दात्याच्या पश्चात वाटणी निघाली की संस्थेच्या हाती दाखविण्याजोगा कागद नसतो आणि ज्या घराने दान दिले त्याच घराशी कटुता येते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२२ प्रमाणे दान म्हणजे स्वखुशीने, मोबदल्याविना केलेले हस्तांतरण. ते दात्याच्या हयातीतच स्वीकारले गेले पाहिजे. स्थावर मिळकतीसाठी कलम १२३ नुसार दात्याची सही, किमान दोन साक्षीदार आणि नोंदणी आवश्यक आहे. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. पूर्ण झालेले दान केवळ मन बदलले म्हणून परत घेता येत नाही.

स्वीकाराची ही अट इंग्रजांनीच आणली असे नव्हे. कोल्हापूरच्या शिलाहार विजयादित्याच्या ११४३ सालच्या शिलालेखात पार्श्वनाथ जिनालयासाठी दिलेल्या भूमीची नोंद आहे. ती माणिक्यनंदी पंडितांचे पादप्रक्षालन करून दिली. दान घेणारा समोर होता आणि नोंद दगडावर होती!

शेतजमीन द्यावयाची असल्यास आणखी एक अडचण आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला ती दानानेही देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत इतर हिस्सेदारांची संमती आधीच घेतलेली बरी.

दान मिळाल्यावरही विश्वस्त मालक होत नाहीत. आपल्या भागात जोतिबा, अंबाबाई यांसारख्या देवस्थानांमुळे हे सर्वांना ठाऊक आहे. देवस्थान इनाम वर्ग ३ ची जमीन देवाची. वहिवाटदाराला ती विकता येत नाही. आपल्या न्यासाची जमीन इनामी नसली तरी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३६ लागू आहेच. विक्री, अदलाबदल, दान, किंवा शेतजमिनीचा दहा वर्षांहून अधिक व इतर मिळकतीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीविना होत नाही.

म्हणून जाहीर घोषणेनंतर विश्वस्तांनी प्रथम स्वीकाराचा ठराव करून एका विश्वस्ताला सहीचा अधिकार द्यावा. नोंदणीनंतर सातबाऱ्यावर फेरफार धरावा आणि धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यावा. हा अर्जच बहुधा राहून जातो.