एक पुस्तक फसलं म्हणून पेटी बंद करायची का?

मी कुरवंड्याहून बोलतेय, तुमची बचत गटांची समन्वयक. मागच्या वेळी आपण कर्जाचा हप्ता आणि व्याज कसं मांडायचं ते पाहिलं. आज पुस्तकावर बोलायचंय. पुस्तकाचा आणि गटाचा काय संबंध, असं वाटेल. पण हा दर महिन्याच्या दहा रुपयांचा प्रश्न आहे आणि तो गटाच्या बैठकीतच उभा राहिलाय.

आमच्या गटांनी मिळून एक पुस्तकांची पेटी केली आहे. प्रत्येक सभासद महिन्याला दहा रुपये देते. त्यातून पुस्तकं येतात आणि घरोघरी फिरतात. बैठक संपली की शाळेतली एखादी मुलगी मोठ्यानं वाचते आणि आपण तांदूळ निवडत, लसूण सोलत ऐकतो. ज्यांना वाचता येत नाही त्याही ऐकतात, आणि त्यांचं मत तर सगळ्यांत खणखणीत असतं.

पेटीत सगळ्यात जास्त फिरतो तो फास्टर फेणे. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. बनेश फेणे हा आपल्या पुण्याजवळच्या फुरसुंगीचा मुलगा. पुण्यात शाळेत शिकतो. अंगानं किरकोळ, सायकलवर मात्र वाऱ्यासारखा, म्हणून मित्रांनी नाव ठेवलं फास्टर फेणे. डोक्यात काही चमकलं की तोंडातून ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो. हा मुलगा जन्माला घातला भा. रा. भागवत यांनी. त्यांचा जन्म १९१० चा, निधन २००१ चं. फेणेची वीस पुस्तकं त्यांनी लिहिली. पुढे दूरदर्शनवर मालिका आली आणि २०१७ साली सिनेमाही निघाला. आणि एक गोष्ट आपण बायकांनी ध्यानात ठेवावी अशी. भागवतांच्या पत्नी लीलावतीबाई स्वतः मुलांसाठी लिहायच्या आणि मुंबई आकाशवाणीवर बायकांच्या ‘वनिता मंडळ’ या कार्यक्रमाचं काम त्यांनी केलं. म्हणजे रेडिओवरून बायकांशी बोलायचं हे काम त्या घरातही चालायचं.

आता भांडण कशावरून झालं ते सांगते. या महिन्यात वाचायला घेतलं ‘जवानमर्द फास्टर फेणे’. १९६२ च्या चीन युद्धाचा काळ, आणि आपला बन्या थेट नेफाच्या सीमेवर. नेफा म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश. वाचन संपलं आणि मतांचा नुसता पाऊस पडला.

पहिलं मत एका काकूंचं. त्या म्हणाल्या, “आपल्या गावाला लागून नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे. आयुष्य गेलं इथं, पण पास दाखवल्याशिवाय गेटच्या आत कुणी पाऊल टाकू दिलं नाही. आणि हे शाळेतलं पोरगं लढाईच्या सीमेवर जातं? मला नाही पटलं.” सगळ्या हसल्या, पण बोलणं खोटं नव्हतं.

दुसरं मत सातवीतल्या मुलीचं, जी वाचून दाखवत होती. ती म्हणाली, “मला यात शोधायला काही मिळालं नाही. बाकीच्या पुस्तकांत मी बन्याच्या आधी चोर ओळखायचा प्रयत्न करते. इथं शत्रू कोण ते पहिल्यापासून माहीत. मग मी काय करू?” आणि तिनं जाहीर करून टाकलं, की आता फेणे वाचायचा नाही.

तिसरं मत एका आजींचं. त्यांना वाचता येत नाही. १९६२ साली त्या लहान होत्या, पण त्यांना आठवतं, की युद्धासाठी गोळा होणाऱ्या संरक्षण निधीत बायका अंगावरचं सोनं काढून देत होत्या. आजी म्हणाल्या, “अगं, तेव्हा प्रत्येक पोराला वाटायचं की आपण पळून सीमेवर जावं. जाणं कुणाला जमलं नाही. गोष्टीतल्या पोराला जमलं. त्या पोरांसाठी लिहिलंय ते, तुमच्यासाठी नाही.”

चौथं मत नव्या सुनेचं, हळू आवाजात. “पण सगळ्या पुस्तकांवर पोराचंच नाव का?” तिला सांगितलं, की अमेरिकेत १९३० सालीच नॅन्सी ड्रू नावाची मुलगी हेरगिरी करायला लागली होती आणि तिच्या पुस्तकांनी जगभरच्या मुलींना वेड लावलं. तेव्हा हे होऊ शकतं. आपल्या मुलींपैकी कुणी लिहील तेव्हा नावही त्यांचंच असेल.

इथवर सगळं छान होतं. मग एक ताई म्हणाल्या, “असली पुस्तकं आणायची असतील तर माझे दहा रुपये परत द्या. पेटी बंद करा.” लगेच दोघी-तिघींनी मान डोलावली. आणि ती सातवीतली मुलगी एकदम गप्प झाली. तिला वाटलं, आपल्या बोलण्यामुळं पेटी बंद होतेय.

म्हणून आज हा विषय घेतला. पुस्तक कमी पडलं असं म्हणायला काही हरकत नाही. पण कुठं कमी पडलं ते सांगता आलं पाहिजे. त्यासाठी आपल्याच गावची एक गोष्ट घ्या.

आपल्या कुरवंडे घाटाचं नाव इतिहासात आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान पुण्याकडून फौज घेऊन कोकणात उतरायला याच घाटानं निघाला. खाली उंबरखिंडीच्या रानात शिवाजी महाराजांनी त्याला गाठलं. दोन्ही बाजूंना डोंगर, दाट झाडी, प्यायला पाणी नाही, मागंही जाता येईना आणि पुढंही. खानाच्या फौजेत रायबागन नावाची एक शूर बाई होती. तिनं खानाला शरण जायचा सल्ला दिला आणि ते सुटले. आता विचार करा, यात नशिबानं घडलं असं काय आहे? खबर आधी आलेली, माणसं आधी दडवलेली, पाणी कुठं आहे आणि कुठं नाही हे आधी माहीत. शेवटी खान अडकतो तेव्हा आपल्याला वाटतं, हो, आता हे असंच होणार होतं.

रहस्यकथा अशीच रचावी लागते. लेखकानं आधीच्या पानांवर माणसं दडवून ठेवायची आणि शेवटी ती बाहेर काढायची. चोराच्या चपलेला चिखल लागलेला असेल, तर तो चिखल आपल्याला तिसऱ्या पानावर दिसला पाहिजे. शेवटच्या पानावर अचानक कुणीतरी मावसभाऊ उगवला आणि त्यानंच चोरी केली, असं झालं तर ते आपल्याला फसवणं झालं. आणि बन्या वाटेनं चाललाय आणि नेमकं त्याच्या कानावर चोरांचं बोलणं पडतं, असं एकदा झालं तर चालतं. दर पुस्तकात झालं तर सातवीतली मुलगीही ओळखते.

मालिकेतलं एखादं पुस्तक असं ढिलं का पडतं, त्यालाही कारण आहे. वाचकच थांबू देत नाहीत. इंग्लंडच्या एनिड ब्लायटन यांनी ‘फेमस फाइव्ह’ ही मुलांची साहसमालिका १९४२ साली सुरू केली. सहा-आठ पुस्तकांत संपवायचा विचार होता. मुलांनी इतकी उचलून धरली, की १९६३ पर्यंत एकवीस पुस्तकं झाली. शेवटची काही पुस्तकं वाचून तिचे चाहतेसुद्धा नाक मुरडतात. शेरलॉक होम्सचे लेखक तर त्याला कंटाळले आणि १८९३ साली त्यांनी त्याला गोष्टीत मारूनच टाकलं. वाचक इतके चिडले, की काही वर्षांनी त्याला जिवंत करावं लागलं. आपण रोज भाकरी करतो, एखाद्या दिवशी फुगत नाही. म्हणून कुणी चूल मोडत नाही.

शिवाय ‘जवानमर्द’ची गोष्ट थोडी वेगळीही आहे. काकूंचं म्हणणं, की खरं वाटत नाही. मुलीचं म्हणणं, की कोडं नाही. आजींचं म्हणणं, की त्या काळच्या मुलांचं स्वप्न आहे. मला विचाराल तर तिघींचंही बरोबर आहे. रहस्यकथा म्हणून उघडलं तर हे पुस्तक कमी पडतं. युद्धाच्या काळात मुलांच्या मनात काय चाललं होतं ते पाहायला उघडलं, तर त्याची किंमत कळते. पण मुलीला कोडं हवं होतं आणि तिला ते मिळालं नाही, ही तिची तक्रार पुसून टाकायची नाही. मोठ्या माणसांनी चांगलं म्हटलेलं पुस्तक लहानांनीही चांगलंच म्हणावं, हा हट्ट धरला की मुलं खोटं बोलायला शिकतात आणि वाचायचं सोडतात.

म्हणून आम्ही पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवल्या. तुमच्या गटात पुस्तकं असतील तर तुम्हीही करून पाहा.

पहिली गोष्ट. नुसतं “बेकार आहे” म्हणायचं नाही. कुठलं पान, कुठला प्रसंग, ते सांगायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी प्रसंग सांगायचा, तेवढं पुरे.

दुसरी गोष्ट. ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांच्यासमोर चोर कोण ते फोडायचं नाही. हा नियम मोडला तर पुढच्या बैठकीचा चहा त्यांच्याकडं. आतापर्यंत दोन चहा झालेत.

तिसरी गोष्ट. एका पुस्तकावरून मालिका सोडायची नाही. आणखी एक वाचायचं, मग ठरवायचं. फेणेच्या प्रत्येक पुस्तकाची गोष्ट स्वतंत्र आहे, मधलं एखादं राहिलं तरी काही अडत नाही. आणि फेणे नकोच झाला तर सत्यजित राय यांचा फेलूदा मराठीत आलाय. तो बंगालचा हेर, डोकं जास्त चालवतो आणि हातपाय कमी.

मग पेटीसाठी मतदान घेतलं. चिठ्ठ्या टाकल्या आणि पेटी चालू ठेवायचं ठरलं. ज्या ताईंना पैसे परत हवे होते त्यांचाही मान राखला. पुढची दोन पुस्तकं कोणती आणायची ते त्यांनी निवडायचं. आता त्या स्वतः लोणावळ्याला जातात तेव्हा पुस्तकाच्या दुकानात डोकावून येतात. सातवीतली मुलगीही पुन्हा वाचायला बसली. तिनं अट घातली, की मध्येच थांबून ती सगळ्यांना विचारणार, “सांगा, चोर कोण?” आता तांदूळ निवडायचे राहतात आणि बायका चोर निवडतात.

यातून मला गटासाठी काय दिसलं ते सांगते. कर्ज मागणाऱ्या बाईला आपण “नाही” म्हणतो तेव्हा कारण सांगत नाही, आणि मग घरं दुखावतात. ग्रामसभेत पाण्याच्या कामावर आपण “बरोबर नाही” एवढंच म्हणतो आणि सरपंच पुढच्या विषयाकडं जातात. पण त्या नव्या सुनेनं, जिनं सहा महिन्यांत बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, पुस्तकावर पहिलं मत दिलं. पुस्तकावर बोलल्यानं कुणाचं भांडण होत नाही, दीर-सासऱ्याचा राग येत नाही. तिथं मत द्यायची सवय झाली, की मग हप्त्यावर, रस्त्यावर, नळावरही बोलता येतं. मागच्या बैठकीत तिनंच विचारलं, की व्याज कुठल्या तारखेपासून लावलंय. पान सांगून विचारलं हं, रजिस्टरचं पान.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावात शाळेच्या कपाटात, अंगणवाडीत, कुणाच्या माळ्यावर मुलांची जुनी पुस्तकं असतील तर खाली काढा, धूळ झटका, बैठकीत वाचा. आवडली नाहीत तर तसं सांगा, आणि का ते सांगा. पुढच्या वेळी आपण पावसाळ्याआधी गटाच्या हिशेबाची तपासणी कशी करायची ते बघू.