साष्टीतला इंग्रज पाद्री



‘माझाच धर्म खरा’ असं मानणारा माणूस नम्र असू शकतो का? आपण झटकन ‘छे!’ म्हणून मोकळे होतो. मला मात्र अशा वेळी थॉमस स्टीफन्स आठवतो.

हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 साली गोव्यात उतरला. तारण होईल ते ख्रिस्ताच्याच वाटेनं, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सगळे धर्म सारखेच, असं तो कधी म्हणाला नसता. पण गोव्यातल्या साष्टी भागात राहून तो तिथल्या लोकांची बोली शिकला, त्यानं तिचं व्याकरण लिहिलं आणि बायबलातली कथा सुमारे 11 हजार मराठी ओव्यांत सांगितली. हे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. तेव्हा फादरनं साठी ओलांडली होती.

त्यात एक प्रसंग आहे. बाटलेला एक ब्राह्मण विचारतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचं काय? फादर त्याच्यावर डाफरत नाही. त्याचं म्हणणं रास्त मानतो आणि पुराण सांगायला बसतो. तेही असं की, त्यातल्या स्वर्गाला नाव वैकुंठाचं! सत्य आपल्याजवळ आहे, पण ते सांगायचं कसं हे समोरच्याकडूनच शिकायला हवं, हे त्याला उमगलं होतं. मी नम्रता म्हणतो ती हीच. स्वतःच्या श्रद्धेविषयी उगाच साशंक राहणं म्हणजे नम्रता नव्हे.

अर्थात, ती पुराणं बंद का पडली, हेही बोललंच पाहिजे. 1567 च्या सुमाराला साष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी पाडली. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारलं, ते काही उगाच नव्हे. स्टीफन्सच्या पोथीला वाचक मिळाले ते याच सत्तेच्या सावलीत. त्याचा व्यक्तिगत सालसपणा त्या सत्तेचं पाप धुऊन काढत नाही. माझा आक्षेप श्रद्धेला नाही, तिच्या दिमतीला दिलेल्या शिपायांना आहे.

त्या शिपायांच्या सरकारला फादरची वाटही पसंत नव्हती. 1684 साली व्हाइसरॉयनं फर्मान काढलं: तीन वर्षांत देशी भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. तोवर ख्रिस्तपुराण तीनदा छापून झालं होतं. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे.