फवारणीचा दिवस पतंगाला विचारा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कपाशीवर कधी फवारायचे, हे आज कोण ठरवतो? शेजाऱ्याने फवारले म्हणून आपण फवारतो. दुकानदाराने बाटली दिली म्हणून फवारतो. आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे, पण बोंडात अळी दिसली की पंप पाठीवर घ्या, हेच आम्हीही बरीच वर्षे सांगत आलो. ते चुकले.

गुलाबी बोंडअळीची रीत पाहा. मादी पतंग रात्री गंध सोडते. त्या गंधाच्या मागावर नर येतो. मग मादी अंडी घालते; आधी पात्यांवर, बोंडे धरली की हिरव्या बोंडाला वेढणाऱ्या पानांच्या आड. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि लगेच बोंडात शिरते. छिद्र बुजते. आत गेलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही. पैसा जातो आणि विष आपल्याच अंगावर येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. त्याच हंगामात अळीने बोंडेही खाल्ली. २००२ साली आलेल्या बीटी बियाण्याने बोंडअळी संपली असे आपण मानले होते. गुलाबी अळीने बीटीचे विषही पचवले.

कामगंध सापळ्यातली गोळी म्हणजे मादीच्या गंधाची नक्कल. शास्त्रज्ञांनी हा गंध १९७३ साली ओळखला. नर फसून आत अडकतो. पेरणीनंतर दीड महिन्याने एकरी दोन सापळे पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर लावा. गोळी वेळेवर बदला. रोज सकाळी पतंग मोजा आणि लिहा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली. अळी बाहेर आहे तोवरच ती मरते.

पण नुसत्या दोन सापळ्यांनी बोंडअळी हटेल, या भ्रमात राहू नका. सापळ्यात नरच सापडतो. अंडी घालणारी मादी मोकळी असते आणि बांध ओलांडून येते. म्हणून मोजणी साऱ्या गावाची हवी. डोमकळ्या तोडून नष्ट करा. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, फरदड घेऊ नका. उरलेल्या बोंडांत आणि सरकीत अळी पुढच्या हंगामाची वाट पाहत झोपते.

आज घरी जाण्याआधी प्रत्येक गावाने मोजणीसाठी दोन माणसे नेमावीत. रोजचा आकडा चावडीच्या फळ्यावर लिहावा. तो वाचूनच दुकानाची पायरी चढा.