टायरची अडेल कड

दुचाकीवर नवा टायर चढविणारा मनुष्य बहुधा शेवटच्या वीतभर कडेशीं येऊन अडतो. अंगठे दुखूं लागतात व हात नकळत पान्याकडे वळतो. येथेंच घात होतो. लोखंड आणि रिम यांच्यामध्यें सांपडून ट्यूब चिमटते.

वस्तुतः कड जेथें अडते तेथें अडचणीचें मूळ नसतें. १८९० सालीं चार्ल्स किंग्स्टन वेल्च या इंग्रज गृहस्थानें टायरच्या कडेंत तार घालण्याची व रिमच्या मध्यभागीं खोलगट चर ठेवण्याची युक्ति काढली. तार ताणली जात नाहीं. तेव्हां जागा मिळवावयाची ती पलीकडच्या चरांतूनच. म्हणून आरंभ व्हाल्वच्या समोरून करावा व शेवट व्हाल्वपाशीं. बसलेली कड दोन्ही हातांनीं चिमटून चरांत लोटीत यावें, म्हणजे सारा ढिलेपणा अडलेल्या बाजूस जमा होतो व कड तळहाताच्या रेट्यानेंच आंत उतरते.

मग व्हाल्व क्षणभर आंत दाबून ट्यूब मोकळी करावी, थोडी हवा भरावी व चाक फिरवून पाहावें. टायरवरील बारीक रेषा रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर हवी. कोठें ती बुडालेली दिसल्यास हवा सोडावी, तेथें साबणाचें पाणी लावावें व पुन्हा भरावी. रेषा एखाद्या जागीं वर उचललेली असल्यास मात्र विशेष सावध व्हावें. पूर्ण हवा भरतांच तेथली कड निसटते, ट्यूब बाहेर येऊन फुटते; आणि हें उतारावर घडलें तर स्वार कोसळतो.