वाट आखण्यापूर्वी वाटसरूला विचारा

(सांगली येथे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सायकल हा विषय ऐकून आपणांपैकी काहींना वाटले असेल की, आज आरोग्यावर प्रवचन ऐकावे लागणार. माझा प्रश्न वेगळा आहे. शहरातील सायकलमार्ग कोठून जावा, हे कोणी ठरवावे?

आपल्या भागाला हा प्रश्न परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा प्रारंभ १८८८ साली बेळगावातील सायकलच्या दुकानाने झाला. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्याच औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ साली राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. जेथे राजाने आपण होऊन प्रजेला विचारले, तेथील नागरिकाने शहराचा रस्ता आखला जात असताना मूक राहावे, हे शोभत नाही.

पुण्याचे उदाहरण घ्या. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून त्याची ख्याती होती. २००६ नंतर तेथे सातारा रस्त्यासारख्या मार्गांवर बीआरटीबरोबर सायकलमार्गही झाले. परंतु मध्येच विजेचा खांब, पुढे उभ्या केलेल्या गाड्या आणि चौक आला की मार्गच गुप्त! पैसा खर्च झाला, सायकलस्वार मात्र मुख्य रस्त्यावरच राहिला. पुढे महापालिकेने संपूर्ण शहराचा सायकल आराखडा हाती घेतला, तेव्हा मसुदा नागरिकांपुढे ठेवून सूचना मागविल्या. डिसेंबर २०१७ मध्ये आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याला मंजुरी मिळाली. तरीही ते सलग जाळे आजवर साकारलेले नाही. नागरिकांचा सहभाग मंजुरीपाशी थांबला की आराखडा कपाटात जातो, हा यातील धडा आहे.

आज ज्या हॉलंडचे कौतुक होते, तेथेही हे आपोआप घडले नाही. १९७१ साली तेथे रस्त्यांवरील अपघातांत चारशेहून अधिक मुले मृत्युमुखी पडली. आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ साली लेख लिहिला आणि त्यातून पालकांची चळवळ उभी राहिली. आधी आई-बाप रस्त्यावर आले, सायकलमार्ग नंतर आले.

आता आपल्याकडे वळू. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले सातारा चढउतारांचे गाव. विद्यार्थिदशेत पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाताना आम्ही सायकलवरून उतरून ती ढकलत नेत असू. नकाशा अंतर दाखवितो, लागणारा दम दाखवीत नाही. सांगली सपाट, पण कृष्णाकाठची. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कोणता रस्ता आधी पाण्याखाली गेला, हे तेथील रहिवाशाला तोंडपाठ आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून परतणाऱ्या कामगाराला कोठे दिवे नाहीत, हे ठाऊक असते. हे ज्ञान कोणत्याही सल्लागाराच्या कार्यालयात मिळत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. आपापल्या वस्तीत एक आठवडा शाळेच्या वेळी मुलांबरोबर सायकलवरून जा. मुले कोठे उतरतात, कोठे घाबरतात, कोणते वळण टाळतात, याची नोंद करा. माता-भगिनींना स्वतंत्रपणे विचारा. भर सभेत त्या बोलत नाहीत. दुकानदार आणि हातगाडीवाले यांनाही भेटा. दारापुढची गाड्यांची जागा जाईल, ही त्यांची भीती खोटी नाही. त्यांना वगळून आखलेला मार्ग महिनाभरही मोकळा राहणार नाही.

ही टिपणे कागदी नकाशावर उतरवा. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते, तेव्हा ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागविल्या जातात. आपण ती सूचना वाचतो केव्हा? मुदत संपल्यावर! मग चहाच्या टपरीवर प्रशासनाला दूषणे देतो. मुदतीत अर्ज द्या, सुनावणीला जा, अंदाजपत्रकाच्या वेळी पुन्हा विचारणा करा.

माझ्या शेजारच्या घरी जिन्याखाली एक चांगली सायकल गंजत पडली आहे. मुलगी आठवीत आहे. वाटेतल्या चौकाची धास्ती घेऊन आई तिला रिक्षानेच पाठविते. त्या आईला कोणता चौक सुधारायला हवा, हे नेमके माहीत आहे. तिला कोणी विचारलेले नाही, एवढेच. आपण विचारू या.