तेल उसनें मिळत नाहीं

(आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं गेलेल्या वर्षांचा आढावा घ्यावा, देवाचे आभार मानावे व थोरांचीं नांवें कृतज्ञतेनें उच्चारावीं, हा शिष्टाचार आहे. आणि तो आज सकाळीं यथासांग पार पडलाच आहे. मला एखाद्या आध्यात्मिक विषयावर चार शब्द बोलण्यास सांगितलें, तेव्हां मीं संत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय निवडला. आनंदाच्या दिवशीं मरणाचा विषय कशाला, असें कोणास वाटेल. परंतु ज्यांनीं या धर्मग्रामाचा पाया घातला त्यांपैकीं बहुतेक जण आज कबरस्तानांत निजले आहेत, आणि आपणही त्याच वाटेचे वाटसरू आहों; हें विसरून केलेल्या महोत्सवाला ख्रिस्ती महोत्सव कसें म्हणावें?

शिवाय आपण राहतों तो मुलूखच या विषयाची आठवण देणारा आहे. ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम, पायथ्याशीं कुशावर्त. आणि मृतांसाठीं विधि करावयास त्र्यंबकेश्वरीं दूरदूरचे लोक वर्षभर येत असतात. तेथील तीर्थोपाध्यायांच्या घरीं नामावळीच्या वह्या आहेत. आलेला यजमान आपलें नांव, गांव व कुळ त्यांत नोंदवितो, आणि पुढें कधीं त्याचा नातू आला म्हणजे त्याला आजोबांची नोंद काढून दाखवितात. या श्रद्धेची थट्टा करणें ख्रिस्ती माणसाला शोभत नाहीं. बापाच्या माघारीं त्याच्यासाठीं कांहीं करावें ही तळमळ ज्या हृदयांत उपजते, तें हृदय देवानेंच घडविलें आहे. आपणही २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतोंच कीं!

दहा कुमारिकांचा दाखला तुम्हां सर्वांस ठाऊक आहे, म्हणून तो सबंध सांगत नाहीं. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधतों. वराला उशीर झाला तेव्हां दहाही जणी झोपल्या. शहाण्याही आणि मूर्खही. म्हणजे झोप हा अपराध नव्हे. माणूस थकतो, पेंगतो, शेतावर जातो, बाजाराला जातो; अष्टौप्रहर डोळे ताणून मरणाची वाट पाहा, असें प्रभु सांगत नाहीं. दिवे दहाही जणींजवळ होते, आणि निघाल्या होत्या त्याही साऱ्या वराच्या स्वागतासच. भेद होता तो भांड्यांतल्या तेलाचा, आणि मध्यरात्रीं हांक येईपर्यंत तो कोणाच्याही नजरेस आला नव्हता.

पुढचा भाग मात्र पुष्कळांना खटकतो. दोन अंगरखे असतील तर एक द्यावा असें शिकविणाऱ्या शुभवर्तमानांत शहाण्या कुमारिकांनीं शेजारणींना चार थेंब तेल नाकारावें, हें कसें? संत ऑगस्टीन या तेलाचा अर्थ प्रीति असा लावतो. संत योहान ख्रिसोस्तम तें दया व दानधर्म होय असें म्हणतो, आणि तेल विकणारे म्हणजे गोरगरीब असें सांगतो. मला हा दुसरा अर्थ फार भावतो, कारण त्या अर्थानें तेलाचें दुकान आपल्या दारासमोरच दिवसभर उघडें आहे. दोन्ही अर्थांनीं गोष्ट एकच. माझ्या शत्रूला क्षमा मींच केली पाहिजे. माझ्या वतीनें ती माझा भाऊ करूं शकत नाहीं. शहाण्या कुमारिका कृपण नव्हत्या. जें देतांच येत नाहीं तें त्यांनीं दिलें नाहीं, इतकेंच.

मग कोणी विचारील, तेल उसनें मिळत नसेल तर मृतांसाठीं मिस्साबलि कां अर्पण करावयाचा? प्रश्न रास्त आहे. शुद्धिस्थानांतील आत्म्यांना आपल्या प्रार्थनांचें, विशेषतः मिस्साबलीचें साहाय्य होतें, असें त्रेंतच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं शिकविलें, व तें आपण मानतों. परंतु तें साहाय्य कोणाला? ज्यांची ज्योत, मंद कां होईना, तेवत असतांच जे गेले त्यांना. काजळी दुसऱ्याला झाडतां येते. पण देवाकडे तोंड फिरविण्याचें काम बापानें केलेंच नसेल, तर तें त्याच्या माघारीं पोरांना करतां येत नाहीं. कोणी तें केलें आणि कोणी नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार मात्र आपला नाहीं.

हें शेवटचें वाक्य मी मुद्दाम बोललों. २७ ऑगस्ट २००३ रोजीं नाशिकच्या सिंहस्थांत चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखीं पडले. अशा वेळीं आपल्यांतही कोणी कोणी हलक्या आवाजांत म्हणतात कीं, तिकडे गेले म्हणून असें झालें. प्रभूनें अशा बोलण्याला जागाच ठेवलेली नाहीं. सिलोअमचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले, ते यरुशलेमांतल्या इतरांहून अधिक पापी होते काय, असें त्यानें विचारलें. नाहीं, असें उत्तरही स्वतःच दिलें. आणि पश्चात्तापाची गोष्ट ऐकणाऱ्यांवरच आणून सोडली.

पण सज्ज असणें म्हणजे भीत असणें नव्हे. त्र्यंबकेश्वराजवळच्या जलालपूर येथें जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या आपल्या ग्रंथांत वडिलांची हकीकत सांगितली आहे. १८५७ च्या बंडांत आजोबांना फांशी झाली, आणि त्या धक्क्यानें वडिलांना सोंवळ्याचें असें वेड लागलें कीं बाजारांतून आणलेला जिन्नसही धुतल्यावांचून त्यांना चालेना. लक्ष्मीबाई कॅथलिक नव्हत्या, प्रॉटेस्टंट होत्या. पण भीतीनें ग्रासलेल्या धर्माचें इतकें हुबेहूब चित्र मीं दुसरीकडे क्वचितच पाहिलें आहे. सोंवळें आपल्या घरीं नसलें तरी असे जीव आपल्यांतही आहेत. पापनिवेदनाला येऊन तेंच क्षुल्लक पाप तीनतीनदां सांगतात, आणि घरीं सुनेशीं वर्षभर बोलत नाहींत! संत लूक सांगतो तो विश्वासू कारभारी धनी येतो त्या क्षणीं काय करीत असतो? गुडघे टेकून थरथरत नसतो. घरच्या चाकरांना वेळेवर शिधा वाटीत असतो. त्याच अध्यायांतला श्रीमंत शेतकरी मोठीं कोठारें बांधावयास निघाला. कांदा चाळींत सांठवूं नये किंवा द्राक्षांचा पैसा बँकेंत ठेवूं नये, असें शुभवर्तमान म्हणत नाहीं. त्या बिचाऱ्याच्या सबंध बोलण्यांत त्याच्यावांचून दुसरें माणूसच नाहीं, हा त्याचा दोष.

आतां ज्यासाठीं हा विषय घेतला तें सांगतों. गोदावरीला पूर आला म्हणजे पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलें कीं छातीला, हें पाहून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. आजाऱ्याच्या घरीं आपण अशीच खूण पाहात बसतों. अजून जेवतात, अजून ओळखतात, मग फादरांना कशाला बोलवावयाचें? फादर दारांत दिसले तर बाबा घाबरतील! आणि मग पहाटे तीन वाजतां मुलगा धांवत येतो कीं बाबा बोलत नाहींत. मी जातों, तेल लावतों, प्रार्थना म्हणतों. पण पापनिवेदन करावयास जीभ उरलेली नसते. पाथेय म्हणून ख्रिस्तशरीर द्यावें तर गिळतां येत नाहीं. आणि बांधावरून तंटा झालेला धाकटा भाऊ ओट्यावर उभा असतो, त्याला आंत या असें म्हणणारें कोणी नसतें. अंत्ययात्रेला पुढें वाजंत्री असते, जेवणावळीला कर्जही काढलेलें असतें.

जुने लोक या संस्काराला ‘शेवटचा अभ्यंग’ म्हणत, आणि त्या नांवानेंच घोटाळा केला. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें १९६३ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, ‘रुग्णाभ्यंग’ हेंच नांव अधिक योग्य. आजारपणामुळें किंवा वार्धक्यामुळें जिवाला धोका उत्पन्न होऊं लागला म्हणजेच त्याची योग्य वेळ आली. १९७२ सालीं पोप सहावे पॉल यांनीं त्याचा नवा विधि लावून दिला. संत याकोबाच्या पत्रांतही आजाऱ्यानें मंडळीच्या वडिलांना बोलवावें असें आहे. आजाऱ्यानें स्वतः, बंधूंनो! म्हणजे तो शुद्धीवर आहे, बोलतो आहे. मृत देहाला हा संस्कार देतां येत नाहीं. त्याच्यासाठीं प्रार्थना तेवढी करतां येते.

पवित्र सप्ताहांत बिशपांनीं आशीर्वादित केलेलें तेल आपल्या मंदिरांत आहे. येत्या शुक्रवारीं सकाळच्या मिस्सानंतर मी घरोघर निघणार आहें. ज्यांच्या घरीं आजारी किंवा थकलेलें माणूस आहे, त्यांनीं नांव व घराची खूण आजच सांगून ठेवावी. ज्या घरांत भावाभावांचें बोलणें बंद आहे, तेथें दोघांनाही घरीं थांबावयास सांगावें. रात्रींअपरात्रीं बोलाविण्याचा संकोच करूं नये. पण शक्यतों दिवसां बोलवावें, आजाऱ्याला माझ्याशीं बोलतां येईल अशा वेळीं.